अर्थिंगला पाणी

सावळीरामनानांचा निरोप नौशादने ऐकला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजून गेले होते, आणि निरोप येऊन पाऊण तास उलटला होता. एवढा वेळ फोन पिशवीत, पक्कड आणि टेपच्या बंडलाखाली पडून होता. एकलहऱ्याला एका घरी पंख्याची जुनी वायर बदलायचं किरकोळ काम; त्यात फोन कोण बघत बसतो? काम आटोपलं, घरमालकिणीने चहा दिला, तेव्हा त्याने सहज फोन काढून कानाला लावला.

"नौशाद, सावळीराम बोलू राह्यलो. रातच्याला लय वारं सुटलं व्हतं, तवापासून लाइट कशी तरीच हू राह्यली. बल्ब पार काजव्यावानी. अन् फ्रिजला हात लावला का मुंग्या येत्या हाताला. तुझ्या मशिनीचं काय बिघडलं का, सवडीनं बघून जा. मी कांदा घेऊन मार्केटला निघालो. घरी तुझी काकू हाय."

नौशादने चहाचा कप खाली ठेवला. निरोप त्याने पुन्हा ऐकला. मंद बल्ब आणि मुंग्या. वीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. वाऱ्याने खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार तुटली होती. एरवी अशी तार तुटली तर घरातली लाइट जाते, लोक चार शिव्या घालतात आणि लाइनमनची वाट बघतात. पण नानांच्या घरात बल्ब लागत होता. म्हणजे करंटला परत जायला दुसरी वाट सापडली होती, आणि ती वाट नौशादनेच करून दिली होती.

"चहा घ्या की," असं बाई म्हणत होत्या, तोवर तो पिशवी उचलून दाराबाहेर पडला होता.

नौशाद काही लबाड माणूस नव्हे. वडाळा गावात त्याचं नाव आहे, हात साफ आहे, आणि कुणाच्या घरातला स्क्रूसुद्धा तो खिशात घालणार नाही. पण चांगल्या कारागिराचा म्हणून एक रोग असतो. काम अडलं की त्याला 'होत नाही' असं म्हणवत नाही.

पाडव्याची गोष्ट. नानांच्या मुलाने, रोहितने, आईवडिलांच्या पिंपळगावजवळच्या वस्तीवर इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचं नवं मशीन बसवायचं ठरवलं. रोहित सातपूरला एका कारखान्यात मालाची मापं तपासायच्या खात्यात. केसाएवढा फरक चालवून घेणारा प्राणी नव्हे. त्याने बजावलं होतं, अर्थिंगचा खड्डा नवा करा, आठ फूट खोल, आणि फोटो पाठवा. अर्थिंग म्हणजे घरातल्या वाट चुकलेल्या करंटला जमिनीत मुरायचा रस्ता. तो नीट असला तर माणूस वाचतो. नौशादने पहार घेतली, अडीच फूट माती-मुरूम काढला आणि पहार ठण्णकन वाजली. खाली काळा पाषाण. दोन हात सरकून खणलं, तिथंही तेच. ड्रिलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, सणाला माणसं नाहीत, आठ दिवसांनी बघू.

आणि मुहूर्त तर त्याच दिवशीचा. गुढी उभी, दारात रांगोळी, रोहितची आई सगुणाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन मशिनीसमोर उभ्या. मशीन चालू केलं तर त्यावर लाल दिवा, अर्थिंग सापडत नाही म्हणून ते सुरूच होईना. नव्या मशीनला तेवढी अक्कल असते. तेव्हा नौशादने बोर्ड उघडला, दोन बोटं लांबीचा हिरव्या वायरचा तुकडा घेतला आणि न्यूट्रलची पट्टी अर्थिंगच्या पट्टीला बांधून टाकली. मशीन फसलं. हिरवा दिवा लागला. सगुणाबाईंनी बॅटरीला कुंकू लावलं, त्याच्या हातावर श्रीखंड ठेवलं.

ही युक्ती सगळे करतात. कुणाला विचारा, एक डोळा मिचकावून हो म्हणेल. आठ दिवसांत येऊन खड्डा पुरा करू आणि तुकडा काढून टाकू, असं नौशादने मनाशी पक्कं केलं होतं. पण फोटोचं काय? त्याने आठ फुटी पाइप अडीच फुटांवर कापला, खड्ड्यात उभा केला, वरून मीठ-कोळसा घातला, सिमेंटचं गोल कडं बांधलं. फोटोत ते इतकं देखणं दिसलं की रोहितने लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? तर जाता जाता नौशाद काकूंना म्हणाला, "काकू, या पाइपाला रोज बादलीभर पाणी घालत जा. सकाळी दहाला, ऊन तापायच्या आत. ओल राहिली की अर्थिंग छान काम करतं."

सगुणाबाई ते ऐकून तुळशीइतक्या नेमाने पाणी घालू लागल्या. आठ दिवसांचे सात आठवडे झाले.

आता मोटारसायकल पळत होती आणि नौशादच्या डोळ्यांसमोर तेवढंच चित्र होतं. न्यूट्रल तुटलेली. फ्रिजमधून जाणारा करंट परत जायला तार शोधतो, तार नाही, म्हणून त्या हिरव्या तुकड्यावरून थेट पाइपात उतरतो. खाली खडक, करंट मुरायला जागा नाही. तो पाइपातच, आसपासच्या ओल्या मातीतच दबा धरून बसलेला. आणि दहाच्या ठोक्याला काकू बादली घेऊन येणार.

त्याने गाडी बाजूला घेऊन सावळीरामनानांना फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. कांद्याच्या लिलावात उभा राहिलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो, फोन कुठला ऐकतो! काकूंचा फोन लावला. तो फडताळात चार्जिंगला असणार, आणि काकू गोठ्यात. शेजारच्या बयाबाईचा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो होता रोहितकडे.

रोहितचं नाव पडद्यावर आणून त्याने अंगठा तसाच धरून ठेवला. काय सांगायचं? रोहित पहिला प्रश्न विचारणार, अर्थिंग केलं होतं ना? त्याचं उत्तर दिलं की वीस वर्षांचं नाव मातीत. पिंपळगाव ते ओझर, त्या पट्ट्यातली निम्मी कामं नानांच्या ओळखीने मिळालेली. नौशादने फोन खिशात टाकला आणि किक मारली. आपणच लवकर पोचू, तुकडा काढू, कुणाला कळायचं नाही. पोचायला तास लागतो आणि दहाला पस्तीस मिनिटं आहेत, हा हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. भित्र्या माणसाला सोपा हिशेबही जमत नाही, एवढंच.

ओढा गावाजवळ रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी निघाली ती संपता संपेना. वाघिणींमागून वाघिणी जात होत्या आणि नौशाद गाडीवर बसून घड्याळ बघत होता. नऊ चाळीस. त्याने अखेर रोहितला फोन लावला.

"रोहितभाऊ, वस्तीवर जरा लाइनचा फॉल्ट दिसतोय. शेजारच्या बयाबाईंना सांगून मेन स्विच पाडून ठेवता का? मी निघालोय."

"काही सीरियस आहे का?"

"छे, छे. खबरदारी म्हणून."

"अर्थिंग आपलं पक्कं आहे ना पण?"

मालगाडी धडधडत होती. तिच्या आवाजात 'काय?' म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण नौशाद म्हणाला, "आहे ना."

"मग ठीक. आत्ताच सांगतो. मी आता आत चाललोय, फोन बाहेर ठेवावा लागतो. काही लागलं तर नानांना करा." फोन बंद झाला.

फाटक उघडलं. नौशादला क्षणभर हलकं वाटलं. मेन पडला की पाइप थंड, मग पाइपाचं नाव काढायची गरजच काय? बयाबाई चार घरं टाकून राहते, पाच मिनिटांत जाईल, खटका ओढेल, संपलं. सय्यद पिंप्री येईपर्यंत तो स्वतःला हेच समजावत होता. द्राक्षबागांच्या कडेने गाडी पळत होती, छाटणी झालेल्या वेलींखाली बायका काम करत होत्या, आणि सगळं कसं रोजच्यासारखं दिसत होतं.

मग एकदम त्याच्या लक्षात आलं. बयाबाई सांगेल काय? 'रोहितचा फोन आला, मेन पाडायचा.' काकू म्हणतील काय? 'थांब, एवढं पाणी घालून येते.' कारण पाण्यापासून लांब राहा असं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगणारा एकच होता, आणि त्याने तेवढंच नेमकं गाळलं होतं.

भर रस्त्यात गाडी थांबवून त्याने रोहितला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. "या अल्लाह, उचल रे," तो मोठ्याने ओरडला. बाजूने जाणाऱ्या टेंपोवाल्याने वेडा समजून वळून पाहिलं. नानांना लावला, काकूंना लावला. नऊ अठ्ठावन्न. नौशाद रडू लागला होता आणि ते त्याला कळलंही नव्हतं. अठरा मिनिटांपूर्वी एका वाक्यात जे सांगता आलं असतं, ते ऐकायला आता जगात कुणी नव्हतं.

ओझरनंतर हायवे लागला. त्याने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. डोळ्यांसमोर काकूंचे पाय येत होते. भेगाळलेले, अंगणात अनवाणी फिरणारे. कधी स्लिपर असायची पायात, कधी नसायची. आज असू दे, आज असू दे, एवढंच तो पुटपुटत राहिला.

वस्तीकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावरूनच त्याला अंगणातली माणसं दिसली. दहा-बारा जणं, गोल करून, खाली बघत उभी. नौशादने गाडी स्टँडला लावली नाही, ती आडवी पडली आणि तो धावला. त्याला गोलात काय आहे ते बघायचं नव्हतं. पण माणसांचे पाय चिखलात होते, पाइपाच्या कड्याला लागून होते, आणि ते बघून तो किंचाळला, "मागे व्हा! चिखलातून बाहेर या सगळे! मेन पाडला का? कुणी पाडला?"

"पाडला, पाडला," बयाबाई ओसरीवरून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "समदेच खाली ओढले म्या. पर उशीर झाला ना रे बाबा."

माणसं बाजूला झाली. चिखलात गाय पडली होती. तांबडी, दुसऱ्या वेताची, दोन दिवसांपूर्वी व्यायलेली. चारी पाय ताठ, जीभ बाहेर. आणि तिच्या डोक्याशी, पाय पसरून, पदर चिखलात भिजलेला, सगुणाबाई बसल्या होत्या. जिवंत. पायात निळ्या प्लास्टिकच्या स्लिपर.

नौशाद तिथंच खाली बसला. काकू जिवंत आहेत एवढं त्याला दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटेल इतका आनंद झाला.

जे झालं ते बयाबाईने सांगितलं. ती आली तेव्हा सगुणाबाई बादली भरतच होत्या. मेन पाडायचा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, तू पाड, मी पाणी घालते. बयाबाई आत गेली, तर बोर्डावर सात-आठ खटके. मेन कुठला ते तिला कळेना. तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. अंगणात मोकळी असलेली गाय बादली बघून पुढे आली होती आणि पाइपाभोवतालच्या ओल्यात तिने पुढचे पाय टाकले होते. जनावराचे पुढचे पाय एकीकडे, मागचे एकीकडे. मधून करंट जातो तो काळजातूनच. सगुणाबाईंच्या पायाला नुसता झटका बसला आणि त्या मागे दगडावर पडल्या. गाय मध्ये आली नसती तर त्या पुढे वाकून, रोजच्यासारखा पाइपाला हात टेकून पाणी ओतणार होत्या.

नौशाद उठला आणि घरात गेला. मेन खाली होता, तरी टेस्टर लावून त्याने दोनदा खात्री केली. मग बोर्डाचं झाकण काढलं. हिरवा तुकडा होता तसाच होता. तो काढणं भागच होतं, त्याने काढला. दोन बोटांची वायर, खिशात टाकली तर फुगवटाही दिसत नाही. आता बोर्डात काही खूण नव्हती. वाऱ्याने तार तुटली, गाय मेली, यात कुणाचा काय दोष? पाइप किती खोल आहे हे खणल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मेलेल्या गाईपाशी कोण खणायला जातं? नौशादने झाकण लावलं, चारही स्क्रू नीट आवळले आणि तो बाहेर आला. तो घाबरलेला होता, पण ते आता फक्त स्वतःसाठी. मघाशी रस्त्यात वाटलेली भीती तरी बरी म्हणायची.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. कुणीतरी बाजारात माणूस पाठवून सावळीरामनानांना गाठलं होतं. नाना उतरले, गाईकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली. मग गाईजवळ पडलेली बादली त्यांना दिसली आणि दुःखाला वाट मिळाली ती रागाची.

"कितीदा सांगितलं तुला, त्या मशिनीच्या नादी लागू नको! पाणी घाल म्हणले तं नदी केली हिनं! एवढ्या पाण्यात करंट उतरणार नाय तं काय हुईल?"

"काल दोन बादल्या घातल्या व्हो," सगुणाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ऊन लय व्हतं. म्हणलं, वाळून जाईल, अन् परत यायला लागंल नौशादला. माझंच चुकलं. माझ्या हातानं मेली ती."

"तूच सांग रे नौशाद," नाना त्याच्याकडे वळले. "तू शिकेल माणूस. तूच समजाव तिला, किती पाणी घालायचं असतं ते."

सगळी माणसं नौशादकडे बघू लागली. सगुणाबाईसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. शाळेत चूक झालेलं लेकरू मास्तरकडे बघतं तसं त्या बघत होत्या. 'एक बादली पुरे होती काकू' असं म्हटलं असतं तर सगळे मान हलवून घरी गेले असते. वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

त्याने खिशात हात घातला आणि तो हिरवा तुकडा बाहेर काढून नानांच्या हातात ठेवला.

"काकूंचं काही चुकलेलं नाही, नाना. पाण्याने काही झालेलं नाही. अर्थिंग नव्हतंच इथं. खाली खडक लागला, अडीच फुटांवर पाइप कापून मी नुसता उभा केला. मशीन चालू व्हावं म्हणून हा तुकडा बांधला. यातून करंट पाइपात आला. रोहितभाऊंना फोटो पाठवला तो खोटा. मघाशी फोनवरही खोटंच बोललो. पाइपाजवळ जाऊ नका एवढं म्हणालो असतो तर गाय वाचली असती. आणि आज काकू..."

नाना त्या तुकड्याकडे बघत राहिले. एवढासा तो, आणि गाय केवढी, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. एकदा त्यांचा हात उठला. नौशाद मागे सरकला नाही. पण नानांनी मारलं नाही. ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि चेहरा टोपीत लपवला. माणसांतून कुणीतरी शिवी दिली. बयाबाई म्हणाली, "बाई मेली असती रे, बाई!"

सगुणाबाईंना हे सगळं समजायला जरा वेळ लागला. फोटो, पाइप, खडक, एकेक करून त्यांनी मनाशी लावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं ते अगदी साधेपणाने, जणू हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती.

"खाली काई नव्हतंच, तं मग मला रोज पाणी कशाला घालायला लावलं रे?"

नौशादला उत्तर माहीत होतं. सात आठवडे माहीत होतं. त्याने मान खाली घातली.

"खरं वाटावं म्हणून, काकू."

गोठ्यात तांबडीचं वासरू हंबरू लागलं होतं. सगुणाबाई हात टेकून उठायला लागल्या, तेव्हा नौशादने धरायला हात पुढे केला. तो हात न घेता त्या बयाबाईच्या आधाराने उठल्या आणि बाटलीत दूध भरायला घरात गेल्या.